आमच्या मंडळीत पाळक म्हणून बाई येणार असतील तर...

चौथी_पिढी | रविवार, रात्री ९.४०

सर्वांना सलाम.

पुण्यातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) मी सभासद आहे. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि कोणी ओळखलं तरी कृपया इथे घेऊ नका. आमचे पाळकसाहेब मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या जागी ज्यांचा विचार चाललाय त्यात एक बाई आहेत. बी.डी. (ईशज्ञानाची पदवी) झालेल्या, रीतसर पाळकीय दीक्षा झालेल्या, आठ वर्षं खेड्यातल्या मंडळ्या सांभाळलेल्या. आज उपासनेनंतर चहाच्या वेळी विषय निघाला आणि पंधरा मिनिटांत लोक दोन बाजूंना जाऊन उभे राहिले.

खरं तर कुरबूर दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. याच बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. उपदेश सुरेख झाला, लूक १५ मधल्या हरवलेल्या नाण्यावर. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी) होतंच. आणि त्यासाठी आधीच एका निवृत्त पाळकांना दुसऱ्या टोकाहून रिक्षाने आणून बसवलं होतं. बाई उपदेशपीठावरून खाली उतरल्या आणि पहिल्या बाकावर आमच्यात येऊन बसल्या. ज्यांना दीक्षा आहे, अधिकार आहे, त्या भाकर घ्यायला आमच्याबरोबर रांगेत. माझ्या पुढेच होत्या. मला त्या दिवशी 'उपासना संगीत' उघडून गाता आलं नाही.

माझी पणजी शिरूरकडे अमेरिकन मराठी मिशनची बायबलबाई होती. पिशवीत शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका, अंगावर नऊवारी, आणि रोज दोन-तीन वाड्या पायी. मिशनरी साहेबाला ज्या घरांच्या ओट्यापलीकडे जाता येत नसे, तिथे ती थेट चुलीपर्यंत जायची. बायकांना अक्षरं शिकवायची, वचन वाचून दाखवायची, बाळंतिणीशेजारी बसून प्रार्थना करायची. बाप्तिस्मा द्यायला मात्र कुणीतरी पुरुष चार महिन्यांनी यायचा, आणि रजिस्टरात नाव त्याचं लागायचं. हे माझी आजी सांगते. आजी आता ८६ वर्षांची आहे.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या मंडळीत बाई पाळक असतील तर अनुभव काय? आणि त्यांना हाक काय मारता? 'पाळकीणबाई' हा शब्द तर पाळकांच्या पत्नीने आधीच व्यापलाय. भाषेत जागाच नाही ठेवलेली.

दापोडीचा_वडील | रविवार, रात्री १०.२५

ताई, सलाम. मी विरोधी बाजूचा आहे, तर स्पष्टच लिहितो.

१ तीमथ्य २:१२ मध्ये पौलाने स्त्रीने उपदेश करावा, पुरुषावर अधिकार चालवावा, याला परवानगी नाकारली आहे. त्याचं कारण तो त्या काळच्या रीतीवरून देत नाही. 'प्रथम आदाम निर्माण झाला' असं थेट उत्पत्तीवरून देतो. प्रभूने बारा प्रेषित निवडले ते सर्व पुरुष. मरीयेसारखी आई जवळ असताना, मार्था-मरीया जवळ असताना निवडले. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, म्हणजे जगातले निम्म्याहून जास्त ख्रिस्ती लोक, आजही हेच मानतात. ते सगळे बायकांचा अपमान करतात असं म्हणायचं का?

माझी बायको २२ वर्षं महिला मंडळ चालवते. तिच्याइतकी प्रार्थना मला जमत नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण योग्यता वेगळी आणि नेमलेलं काम वेगळं. शास्त्र आपल्या सोयीने वाकवायला लागलो तर थांबायचं कुठे?

बाकी त्या बाईंना दीक्षा असताना बाकावर बसवलं, हे मलाही पटलं नाही. बोलवायचं तर मानाने बोलवा, नाहीतर बोलवू नका.

बिबवेवाडी_हॉस्टेल | रविवार, रात्री ११.५०

काका, मी इथे पुण्यात थिऑलॉजी शिकते आहे, तिसरं वर्ष. तुम्ही मुद्दा नीट मांडलात म्हणून नीटच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

१ तीमथ्य २ मध्ये 'अधिकार चालवणे' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, ऑथेन्टेइन, ते अख्ख्या नव्या करारात फक्त त्या एका ठिकाणी येतं. पौल अधिकाराबद्दल इतरत्र कितीदा तरी लिहितो, पण हा शब्द वापरत नाही. म्हणून त्याचा अर्थ साधा अधिकार की दुसऱ्यावर कुरघोडी, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पत्र इफिसच्या मंडळीसाठी आहे आणि तिथे खोट्या शिक्षणाचा गोंधळ चालू होता, हे पहिल्याच अध्यायात आहे. दुसरं म्हणजे तोच पौल १ करिंथ ११:५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावं असं सांगतो. म्हणजे मंडळीत स्त्रिया बोलत होत्या. बोलणाऱ्यांनाच तो पदराबद्दल सांगतोय.

आता रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय घ्या. आपण तो नुसता नावांचा म्हणून भरभर वाचून टाकतो. फिबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, रूफसची आई, युलिया, नीरियाची बहीण. दहा बायका आहेत त्यात. फिबीला पौल किंख्रियाच्या मंडळीची 'डायकोनोस', म्हणजे सेवक, म्हणतो. हाच शब्द तो स्वतःसाठीही वापरतो. युनियाला तर अंद्रोनिकाबरोबर प्रेषितांमध्ये नामांकित म्हटलंय. चौथ्या शतकातला धर्मगुरू क्रिसोस्तोम, जो बायकांच्या बाजूने फार बोलणारा माणूस नव्हता, त्यानेही तिला प्रेषित म्हणून गौरवलंय. पुढे कित्येक शतकांनी काही लोकांना ती बाई असणं जड गेलं आणि त्यांनी तिचं 'युनियास' हे पुरुषाचं नाव करून टाकलं. तसं पुरुषी नाव त्या काळच्या लेखांत सापडत नाही.

आमच्या वर्गात मुली आहेत. बऱ्याच जणींना इथून गेल्यावर काय मिळेल हे माहीत आहे: संडे स्कूल, हॉस्टेलची वॉर्डन, महिला मंडळ. ती कामं लहान नाहीत. पण वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला कोणी विचारत नाही की तू पुढे कोणाशी लग्न करणार, म्हणजे तुला कुठे पाठवायचं ते ठरवू. मला विचारलं गेलंय.

दापोडीचा_वडील | सोमवार, सकाळी ७.१०

बाळ, अभ्यास चांगला आहे तुझा. पण युनियाचं वाक्य 'प्रेषितांना ठाऊक असलेली' असंही वाचतात, हे तुझ्या शिक्षकांनी सांगितलं असेलच. पौलाने एका ठिकाणी घातलेली मर्यादा दुसऱ्या ठिकाणच्या नमस्काराने उठत नाही, असं मला वाटतं. तुला कोणी लग्नाचं विचारलं असेल तर ते मात्र चूकच.

क्वार्टर_गेट | सोमवार, सकाळी ९.०५

मी कॅथलिक. आमचं नाव वर आलं म्हणून लिहितो.

१९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लेखी सांगितलं की स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. म्हणजे 'देणार नाही' असं नाही, 'देऊ शकत नाही' असं. त्यामुळे आमच्याकडे हा दरवाजा बंद आहे आणि मी श्रद्धेने ते मानतो.

पण बाकीचं चित्र आमच्या आजोबांच्या काळासारखं राहिलेलं नाही. मिस्सात वाचन बायका करतात. पवित्र कम्युनियन वाटायला फादरांच्या शेजारी बायका उभ्या असतात, आजाऱ्यांच्या घरी त्याच घेऊन जातात. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं अधिकृतपणे स्त्रियांना खुली केली. २०२३ च्या रोमच्या सिनॉडमध्ये (बिशपांच्या जागतिक सभेत) पहिल्यांदा पन्नासहून जास्त बायकांनी मत दिलं. २०२५ मध्ये जगभरच्या संन्यस्त संस्थांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्यावर सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला यांची नेमणूक झाली. इथे नगर रोडच्या ज्ञानदीप सेमिनरीत सिस्टर्स आणि होणारे फादर एकाच वर्गात ईशज्ञान शिकतात.

तुमच्या गोष्टीतली एक बाब मला विचित्र वाटली, राग नसावा. आमच्याकडे दीक्षा नसलेली बाई प्रभूचं शरीर लोकांच्या हातात देते. तुमच्याकडे दीक्षा असलेली बाई रांगेत उभी राहते.

चौथी_पिढी | सोमवार, दुपारी १.३०

राग कसला? वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

नगरचा_बँडवाला | सोमवार, रात्री ८.१५

आमच्याकडे या विषयावर भांडण झाल्याचं मला आठवत नाही, कारण मी मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) वाढलो. आई-वडील दोघेही ऑफिसर, म्हणजे आमच्याकडचे पाळकच. आई मेजर म्हणून निवृत्त झाली. तिने उपदेश केले, लग्नं लावली, माणसं पुरली. १८८२ मध्ये मुक्तिफौजेचे जे पहिले चार जण मुंबईच्या बंदरावर उतरले त्यात एक बाई होती. फौजेच्या संस्थापकांपैकी कॅथरीन बूथ यांनी स्त्रियांच्या उपदेश करण्याच्या हक्कावर १८५९ मध्येच पुस्तिका लिहिली होती. १९३४ मध्ये त्यांचीच मुलगी इव्हँजेलीन जगभरच्या फौजेची जनरल झाली. नगरचं आमचं हॉस्पिटल तिच्याच नावाचं आहे, माझा जन्म तिथला.

मात्र दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. फौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, त्यामुळे तुमच्या भांडणाचा सगळ्यात टोकदार भाग आमच्या वाट्याला येतच नाही. आणि हुद्दा सारखा असला तरी बदलीचा हुकूम यायचा तो वडिलांच्या कामाच्या हिशेबाने. आई मागोमाग जाऊन बायकांचं काम उभं करायची. मला हे कळायला चाळिशी उजाडली.

हाक म्हणाल तर 'मेजरबाई'. अख्खी गल्ली म्हणायची, हिंदू-मुसलमानांसकट.

केडगाव_लाइन | सोमवार, रात्री १०.४०

पुण्याचा धागा आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून कुणी काढलं नाही?

पुण्यात पाचहौदाला इंग्लंडमधल्या वाँटेजच्या संघाच्या ज्या सिस्टर्स होत्या, त्यांच्या ओळखीने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर इकडून मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही म्हणे! रमाबाईंनी जे कळवलं त्याचा आशय असा: माझी आई पुरुषांना शिकवायची, मी शिकवलं, आणि माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आक्षेप घेतला नाही, मग इंग्रज लोक घेतात याचं आश्चर्य वाटतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. ते हिंदू ब्राह्मण. आणि अडवणारे कोण, तर ख्रिस्ती बिशप. तेव्हा 'बाईने पुढे होऊ नये' ही गोष्ट ख्रिस्ताकडून आली की साहेबाच्या दिवाणखान्यातून, हे एकदा तपासायला हवं.

त्यांना कोणी दीक्षा दिली नाही. पण केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात, निराधार बायकांच्या आश्रमात, रोजची उपासना, शास्त्र शिकवणं, शेकडो बायकांचा सांभाळ हे पाळकाचं काम नाही तर काय? १९०५ च्या संजीवनाच्या (तिथे उसळलेल्या श्रद्धेच्या लाटेच्या) वेळी मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगत फिरल्या. आणि आयुष्याच्या शेवटी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीच्याच मुली. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, छापील बायबल १९२४ मध्ये आलं. बाईने केलेलं भाषांतर देवघरात चालतं, तर बाईने मोडलेली भाकर का नाही?

पार्सोनेजमधून | मंगळवार, पहाटे ५.२०

रोज वाचते, लिहिते पहिल्यांदाच. मी पाळकीणबाई आहे. म्हणजे पाळकांची पत्नी. ३१ वर्षं.

चौथी_पिढी ताई, तुम्ही शब्द व्यापलाय म्हणालात ते वाचून आधी वाईट वाटलं, मग खरं वाटलं. या शब्दाला पगार नाही, दीक्षा नाही, सुट्टी नाही. साहेब मीटिंगला गेले की लोक दार माझंच वाजवतात. ससूनला रात्री दोन वाजता मी गेले आहे. मुलीला नवरा मारतो हे बायका पाळकसाहेबांना सांगत नाहीत, मला सांगतात, तेही स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. मी ऐकते, प्रार्थना करते, आणि मग काय करायचं ते मला कोणी कधी शिकवलेलं नाही. मी बारावी झालेय. त्या बाई आठ वर्षं हे काम शिकून, जबाबदारी घेऊन करतायत. अशी बाई माझ्या तरुणपणी असती तर मी तिच्याकडे गेले असते.

अजून एक बोलते. कमिटीत बोलली जात नाही पण बायकांच्यात बोलली जाते ती गोष्ट. 'चार दिवसांत ती वेदीजवळ जाणार का?' आमच्याकडेही एका वयस्क बाईंनीच विचारलं होतं. आपले आजे-पणजे विटाळ सोडून प्रभूकडे आले. विहिरीवर, देवळाच्या दारात ज्यांना तो शब्द ऐकवला गेला तीच आपण माणसं. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत शिरली, तिने प्रभूच्या वस्त्राला हात लावला, आणि प्रभू तिला 'मुली' म्हणाला. मार्क ५ वाचा. मागे सरक असं तो म्हणाला नाही.

साहेब उठले. थांबते.

बिबवेवाडी_हॉस्टेल | मंगळवार, सकाळी ८.००

मावशी, हे मी वहीत लिहून घेतलं.

सदाशिव_वाचक | मंगळवार, सकाळी ११.१५

मी ख्रिस्ती नाही, आगंतुक समजा. आमच्याकडे उद्यान मंगल कार्यालयात थत्तेमामांनी सत्तरच्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली तेव्हा असाच गदारोळ झाला होता. ज्ञानप्रबोधिनीतही स्त्रिया पुरोहित तयार होतात. माझ्या मुलीचं लग्न बाईंनीच लावलं. सुरुवातीला नाराज असलेले माझे चुलते शेवटी म्हणाले, मंत्रांचा अर्थ आज पहिल्यांदा कळला. तुमचं शास्त्र वेगळं, पण माणसं तीच पुण्याची आहेत, म्हणून सांगितलं.

दापोडीचा_वडील | मंगळवार, रात्री ९.३०

पार्सोनेजमधल्या बाईंचं वाचलं. दोनदा वाचलं. विटाळाचा मुद्दा आमच्याकडेही कुजबुजीत आला होता आणि मी गप्प बसलो होतो. ते गप्प बसणं चूक होतं. तो शास्त्राचा मुद्दा नाहीच, तो आपल्यात राहून गेलेला जुना मळ आहे. पुन्हा कोणी बोललं तर मी उभा राहून विरोध करेन.

माझं १ तीमथ्यबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. अँग्लिकन चर्चच्या सर्वोच्च पदावर, इंग्लंडात कँटरबरीला, सारा मुलाली आर्चबिशप झाल्या म्हणून किंवा कोणी टाळ्या वाजवल्या म्हणून ते बदलणार नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी अँग्लिकन मंडळ्यांनी त्याला विरोध केलाय, तेही प्रभूचेच लोक.

केडगाव_लाइन | मंगळवार, रात्री १०.१०

काका, कँटरबरी दूर आहे. आपल्याकडचं बघू. दक्षिणेकडच्या सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ साली आंध्रातल्या नंद्याळला पुष्पललिता बिशप झाल्या. आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २०२२ साली ओडिशात फुलबनीला व्हायोलेट नायक झाल्या. फुलबनी, म्हणजे कंधमाळ, जिथे २००८ मध्ये ख्रिस्ती लोकांची घरं आणि मंडळ्या जाळल्या गेल्या. सगळं सोसलेल्या त्या लोकांची बिशप आज एक बाई आहे. आणि १९७० मध्ये नागपूरला आपण सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालो तेव्हा प्रत्येकाला काही ना काही सोडावं लागलंच होतं. शिशुबाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एका मंडळीत आले. मतं वेगळी राहिली, प्रभुभोजनाचं मेज एक झालं.

चौथी_पिढी | शुक्रवार, रात्री ११.०५

आज मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीची बैठक झाली. निर्णय झाला नाही. नेमणूक शेवटी बिशपांच्या हातात आहे, पण मंडळीचं म्हणणं लेखी पाठवायचं ठरलं, त्यासाठी तीन आठवडे आहेत. मी कमिटीवर नाही, पण बोलायची परवानगी मागितली आणि मिळाली. मी एकच मागणी केली: नेमणूक कोणाचीही होवो, यापुढे दीक्षा असलेल्या कोणालाही पाहुणे म्हणून बोलावलं तर प्रभुभोजनही त्यांच्याच हातून होईल, हे लिहून घ्या. नऊपैकी सहा जणांनी हात वर केले. जे तीन राहिले त्यांच्यातले एक माझे सख्खे मामा. घरी येताना त्यांनीच मला गाडीवरून सोडलं, रस्ताभर दोघंही काही बोललो नाही.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं, मेजरबाई, रमाबाई, फिबी, फुलबनी, सगळं. तिला म्हटलं, तुला वाटतं तसं सांग, तुझं मत पत्रात लिहिते. तिने थोडा वेळ घेतला. गुडघ्यांमुळे ती मंडळीत येऊ शकत नाही. आमच्या साहेबांकडे तीन मंडळ्यांची जबाबदारी, त्यामुळे घरी प्रभुभोजन मिळून तिला पाच महिने झाले आहेत.

"ती घरी येईल का, तेवढं विचार," म्हणाली. "दर महिन्याला येणार असेल तर माझं नाव पहिलं लिही."